आधी नाव, मग डोंगर

जी राज्यं कुठेच नाहीत, त्यांच्या नकाशांवर गावांची नावं लिहिणं हा माझा धंदा आहे. पहिल्यांदा ऐकणारा हसतो. मग विचारतो, म्हणजे नक्की काय करता? तेव्हा आधी तेच सांगते.

हल्ली मराठीतही अशा कादंबऱ्या निघतात, ज्यांत लेखक अख्खं राज्य मनाने रचतो. नद्या त्याच्या, डोंगर त्याचे, घाट आणि राजधान्याही त्याच्याच. वाचणारा त्यात हरवू नये म्हणून पुस्तकाच्या सुरुवातीला दोन पानी नकाशा देतात. काहींना तो हातानेच काढलेला हवा असतो, जुन्या पेटीतून निघाल्यासारखा. लेखक मला पेन्सिलीचा कच्चा आराखडा पाठवतो. मी त्यावर ट्रेसिंग पेपर पसरते आणि टाकाने, काळ्या शाईत, दोन कामं करते. एक नावांचं, दुसरं रेघांचं. डोंगराच्या उताराला रेघा, किनाऱ्याच्या पाण्याला रेघा, दलदलीला, रानाला, धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, वेगवेगळ्या रेघा. रेघांनी नकाशा देखणा होतो आणि नावांनी कामाचा होतो. दोन्हींना जागा मात्र तीच हवी असते. माझं सगळं आयुष्य त्या भांडणात मध्यस्थी करण्यात गेलं म्हणा.

मी आठवीत शाळा सोडली. हेही आधीच सांगून टाकते, कारण संपादकांनी लेख मागितला तेव्हा मला आधी तेच आठवलं. माहेर मालवणच्या बाजूला, खाडीच्या काठी. लग्न होऊन गोंदियाला आले, नवरा रेल्वेत. नकाशात पाहिलंत तर महाराष्ट्रात समुद्रापासून याहून लांब जागा शोधायला कष्ट पडतील. इथे मला गल्लीत, बाजारात सगळे 'कोकनवाली' म्हणू लागले. नाव कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. घाबरट स्वभाव. शिकलेल्या माणसाने काहीही म्हटलं की माझ्या तोंडून आधी 'हो' निघतं, विचार मागून येतो.

गल्लीत समोरच्या घरी रहांगडालेकाका राहत. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत त्यांनी सगळी नोकरी ट्रेसरची केली, म्हणजे धरणाचे आणि कालव्यांचे नकाशे शाईने उतरवून काढायचे. मी दारात रांगोळी काढत असताना ते एकदा रस्त्यातच उभे राहिले. म्हणाले, "बाई, हाथ नहीं काँपता तुम्हारा. ये लो." आणि दुसऱ्या दिवशी एक टाक, दोन निबा आणि शाईची बाटली आणून दिली. का दिली ते मला आजही नीट कळलेलं नाही. त्यांच्याकडे तीन वर्षं मी फक्त रेघा मारल्या. डोंगराची रेघ कशी मारायची? तर पावसाचं पाणी ज्या वाटेने उतरेल त्या वाटेने. चढ उभा असेल तिथे रेघा दाट, उतार सोपा असेल तिथे विरळ. उजेड नेहमी डाव्या वरच्या कोपऱ्यातून येतो असं धरायचं, म्हणून सावलीच्या रेघा उजव्या अंगाला. पाण्याच्या रेघा किनाऱ्याला चिकटून दाट, आणि आत खोल समुद्रात जाल तशा विरळ होत होत संपल्या पाहिजेत. चुकलं तर अर्ध्या ब्लेडने शाई खरवडायची, कागद फाटू न देता.

आणि सगळ्यांच्या वर त्यांचा एक नियम. "पहले नाम, फिर पहाड. पहाड को सरका सकते हैं, नाम को नहीं."

माझा पहिला नकाशा खऱ्याच जागेचा होता. काकांच्या नातीचं लग्न गोंदियाजवळ नागऱ्याला होतं, शिवमंदिराच्या अलीकडच्या मंडपात. पत्रिकेवर स्टेशनपासून मंडपापर्यंतची वाट मी काढली. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, एक चक्की, एक वाकडा नाला, आणि देवळाच्या कळसाला जरा जास्तच सावली. नवऱ्या मुलाचा एक मित्र नाशिकहून आला होता, निनाद नावाचा. पंगतीत विचारत फिरत होता, हा नकाशा कोणी काढला, मी कोणालाही न विचारता इथवर पोचलो. मी भाताच्या पातेल्याआड झाले. काकांनी हाताला धरून पुढे आणलं. निनाद तेव्हा त्याच्या मनातल्या राज्याची पहिली कादंबरी लिहीत होता. तिथून माझा हा धंदा सुरू झाला.

आता पारबताबाईंबद्दल सांगितलं पाहिजे, कारण माझ्या कामात जी काही खुबी आहे ती त्यांची आहे. पारबताबाई नवेगाव बांधच्या, मासोळी धरणाऱ्या घरातल्या. गोंदियाच्या बाजारात टोपली घेऊन बसायच्या, अजूनही बसतात. मी कोकणातली, म्हणजे मासे निवडून घेणार, त्यावरून आमची ओळख झाली. मला गोड्या पाण्याचा मासा मिळमिळीत लागायचा. एकदा तसं बोलून गेले तर म्हणाल्या, "समुद्राचं खारं खाऊन खाऊन तुह्यी जीभ जळली व. मरळ कशाशी खातेत ते पाहून घे पयले."

त्या मोठेपणी, प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकल्या होत्या. अक्षरावर बोट ठेवून, एकेक जोडत वाचायच्या, आणि वाचायला मिळेल ते वाचायच्या. दुकानांच्या पाट्या, गोणीवरचे छाप, औषधाच्या बाटल्या. पत्रिका छापायला जाण्याआधी तिचा मोठा नकाशा मी त्यांना दाखवला तेव्हा त्यांचं बोट सगळ्या नावांवरून चाललं आणि 'नाला' पाशी थांबलं. नाल्याच्या रेघांत मी तो शब्द बुडवला होता. मी घरी येऊन तो काढून पुन्हा लिहिला. तेव्हापासून प्रथाच पडली. कुठलाही नकाशा पाठवण्याआधी पारबताबाईंच्या बोटाखालून जायचा. बोट थांबलं की ते नाव नापास. सरावलेली माणसं अंदाजाने वाचतात, अर्धं अक्षर दिसलं की उरलेलं मनातून भरतात. पारबताबाई मनातलं काही घालत नाहीत. कागदावर असेल तेवढंच वाचतात.

नावांखेरीजही त्या सोडायच्या नाहीत. एकदा मी तलावाला सगळीकडून समुद्रासारख्या पाण्याच्या रेघा काढल्या. दुसरं पाणी मला माहीतच कुठे होतं. त्यांनी कागद फिरवून फिरवून पाहिला.

"हा तलाव व्हय का?"

"हो."

"मंग पाळ कोठं हाये याची? तलाव का आभाळातून पडला? कोनं तरी बांधला असंन. एका आंगाले पाळ रायते, सरळ. तिकडं रेघा नोको मारू, दगडं काढ."

तेव्हापासून माझ्या सगळ्या तलावांना बांधाची एक सरळ बाजू असते. एका समीक्षकाने त्याचं कौतुक केलं होतं. लेखकाची बारीक नजर, असं लिहिलं होतं. असू दे.

दुसरी गंमत पुण्याच्या एका गृहस्थांची. ते नकाशावर खेळायचा पटाचा खेळ बनवत होते. त्यांचा नायक होडीत बसून डोंगरावरच्या किल्ल्यात जातो, म्हणून त्यांनी नदी पायथ्यापासून शिखराकडे वाहती केली होती, बाण काढून. मी फोनवर चाचरत म्हटलं, साहेब, पाणी वर कसं जाईल? ते म्हणाले, "काल्पनिक आहे ना, मॅडम." माझं ठरलेलं 'हो' निघून गेलं. नदी त्यांनी सांगितली तशी काढली. पण उताराच्या रेघा पाण्याच्या वाटेनेच मारायच्या असतात, हात दुसरं ऐकेना. त्यामुळे सगळा डोंगर खाली उतरत होता आणि एकटी नदी वर चढत होती. पारबताबाईंनी बोट ठेवलं. "हे पानी उलटं काऊन जाऊन राह्यलं व? पिऊन आलं का?" मी धीर करून त्यांचं वाक्य जसंच्या तसं गृहस्थांना कळवलं. मी दोन दिवस जेवले नाही म्हटलं तरी चालेल. मग निरोप आला, नायक आता घोड्यावरून जाईल.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येते.

निनादच्या पहिल्या कादंबरीचा नकाशा हे माझं सर्वांत मोठं काम. तीन महिने लागले होते. त्यात धूमकूट नावाची डोंगररांग होती, तिच्यावर मी जीव ओवाळून टाकला होता. इतक्या बारीक रेघा की काका भिंग लावून बघत बसले आणि काहीच बोलले नाहीत, जी त्यांची शाबासकी होती. पारबताबाईंनी सगळी नावं वाचली, बोट कुठे थांबलं नाही. पुस्तक निघालं. नायिकेचं गाव बरोबर पुस्तकाच्या घडीत गेलं आणि अर्धं दिसेनासं झालं, ती चूक माझीच. पण बाकी लोक नकाशा छान म्हणाले. नकाशावर मी माझं नाव टाकलं नव्हतं. कोणी टाका म्हटलं नव्हतं.

दोन वर्षांनी पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती, लहान आकारात. प्रकाशनाच्या मॅडमचा फोन आला. आवाज गोड होता. म्हणाल्या, "कुमुदिनीताई, तुमचे डोंगर आपण ठेवतोय. फक्त नावं वाचता येत नाहीत अशी वाचकांची तक्रार आहे. नावं आम्ही कॉम्प्युटरवर टाकून घेऊ. तुम्ही नावांशिवायचा नकाशा नवीन काढून पाठवा, आठ दिवसांत."

मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला.

मग ओट्याशी उभी राहिले, हातात काही नव्हतं तरी. डोंगर कोणीही काढील. पण आठवीत शाळा सुटलेल्या बाईने लिहिलेली अक्षरं नाशिक-पुण्याची शिकलेली माणसं पुस्तकात वाचतात, हे माझं एकच पदक होतं, आणि ते मीच माझ्या 'हो'ने परत केलं होतं. वाईट याचं वाटलं की तक्रार मला पटत नव्हती. पारबताबाईंनी सगळं वाचलं होतं. त्या खोटं वाचत नाहीत.

सकाळी पुस्तकच घेऊन बाजारात गेले. टोपलीत झिंगे होते. त्यांनी हात पदराला पुसले, बोट ठेवलं, दोन नावं वाचली आणि तिसऱ्यापाशी अडकल्या. धूमकूट.

"हे मले नाई येत."

"अहो, तुम्हीच वाचलं होतं की."

"ते मोठं होतं. एवढं." त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले, ट्रेसिंग पेपर होता तेवढे. "हे तं मुंग्याईनं खाल्लं. तुनं छापाचं मले कधी दाखवलंच नाई. मोठं दाखवते नं लहान छापते, मंग माह्या डोऱ्याले कायले नाव ठेवते?"

मी त्यांच्या डोळ्यांना नाव ठेवलं नव्हतं. पण चूक समजली. इतकी वर्षं मी परीक्षा चोख घेतली होती, फक्त चुकीच्या कागदावर. छापताना नकाशा निम्म्याहून लहान होतो. मोठ्या कागदावर वेलांटी आणि डोंगराची रेघ यांच्यात दोऱ्याएवढी फट असते. छापात ती फट मिटते आणि वेलांटी डोंगराला चिकटते. उकार खालच्या उतारात रुततो. आणि आपल्या अक्षरावरची आडवी रेघ, ती तर डोंगरांच्या गर्दीत अजून एका कड्यासारखीच दिसते. धूमकूट हे नाव मी धूमकूट पर्वतातच गाडलं होतं. काकांनी भिंग लावून पाहिलं तेव्हा काही बोलले नव्हते. आता मला वाटतं, ती शाबासकी नसावी. त्यांना दिसलं असेल आणि माझा आनंद मोडवला नसेल. विचारायला काका आता नाहीत.

मला आठ दिवस होते, त्यातला एक गेला होता. मी दोन नकाशे काढायचं ठरवलं. एक मॅडमनी सांगितला तसा, बिननावांचा, कारण 'हो' म्हटलं होतं. दुसरा माझा.

माझ्यात आधी फक्त नावं लिहिली. कोऱ्या कागदावर नुसती नावं, एकही डोंगर नाही. गावांची नावं सरळ, आडवी, डोक्यावरच्या रेघेसकट. डोंगररांगांची नावं लांब पसरतात, त्यांची वरची रेघ काढून टाकली आणि अक्षरं सुटी सुटी ठेवली, म्हणजे ती रेघ रस्ता किंवा कडा वाटायला नको. नदीचं नाव नदीच्या वळणाने, पण पाण्यात नाही, काठावर. प्रत्येक नावाभोवती पेन्सिलीने कुंपण घातलं, मळणीआधी खळं सारवून मोकळं ठेवतात तसं. मग डोंगर आणले. कुंपणापाशी आले की रेघ तिथेच सोडून द्यायची, कितीही सुंदर चालली असली तरी. धूमकूटच्या निम्म्या रेघा गेल्या. प्रत्येक सोडलेली रेघ हाताला कळत होती.

रोज दुपारी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन छापाच्या मापाची प्रत काढायची. दुकानदार कंटाळला. "मॅडम, बडा करने लोग आते हैं, आप रोज छोटा करने आती हो." सातव्या दिवशी प्रत घेऊन बाजारात गेले. उन्हाची वेळ, गिऱ्हाईक बरंच होतं. पारबताबाईंनी तराजू बाजूला ठेवला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शिलावती. मुद्गलपूर. रुद्रेणी. बोट ओलं होतं, कागदावर ठिपके पडत होते. मी त्यांच्या बोटाकडे बघत उभी. धूमकूट आलं. बोट चाललं आणि पुढे गेलं.

मासे घ्यायला आलेला एक म्हातारा वाट बघून वैतागला. "हे गावं कोनत्या तालुक्यातले हायेत व बाई?"

"कोठलेच नाई. खोटे हायेत."

"मंग खोटे गावं वाचून काऊन राह्यली?"

पारबताबाईंनी मानसुद्धा वर केली नाही. "वाचता येते म्हून."

त्या दिवशी दोन्ही नकाशे पाठवले. सोबत चिठ्ठी लिहिली, चार वेळा फाडून पाचव्यांदा. 'तुम्ही सांगितलेलं केलं आहे. दुसरं मी माझ्या मनाने केलं आहे, क्षमस्व. एक विनंती, दोन्ही छापाच्या मापाला आणून, एकावर कॉम्प्युटरची नावं घालून आणि दुसऱ्यावर माझी ठेवून, हळू वाचणाऱ्या कोणाला तरी द्या. भरभर वाचणाऱ्याला नको.' शिकलेल्या माणसाला अट घालण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

दहाव्या दिवशी फोन आला. मॅडम म्हणाल्या, त्यांच्या घरी सासूबाई आहेत, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर हळूहळू वाचतात. त्यांच्यापुढे दोन्ही ठेवले. कॉम्प्युटरची अक्षरं ठळक होती, पण रेघांच्या वरून टाकलेली, त्यामुळे सासूबाई डोंगरात अडकत होत्या. माझी नावं म्हणे त्या पाटी वाचल्यासारखी वाचत गेल्या. "नावं तुमचीच जातील," मॅडम म्हणाल्या. "आणि ताई, कोपऱ्यात तुमचं नाव घाला. पहिल्या वेळी राहून गेलं."

नकाशा परत मागवला आणि नाव लिहायला बसले. कुमुदिनी. खाली दोन उकार, वर दोन वेलांट्या. माझ्या नावाला चारी बाजूंनी हवा लागते, हे मला तोवर कळलं नव्हतं. जमिनीवर कुठे जागाच नव्हती, सगळीकडे कोणाचं ना कोणाचं गाव. शेवटी डाव्या खालच्या कोपऱ्यात, समुद्रात लिहिलं, बारीक.

पुस्तक आलं ते घेऊन बाजारात गेले. या वेळी परीक्षा नव्हती, तरी पारबताबाईंनी सवयीने बोट ठेवलं आणि सगळ्या राज्यातून हिंडून आल्या. मग बोट किनाऱ्यावरून पाण्यात उतरलं, दाट रेघांतून विरळ रेघांत, आणि कोपऱ्यात थबकलं.

"कु-मु-दि-नी," त्यांनी जोडलं. "हे पयले नवतं. बेट व्हय का?"

"नाही. ते मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. वीस वर्षं त्यांनी मला कोकनवाली म्हटलं होतं. एकदा पुन्हा वाचलं, या वेळी न तोडता, सबंध.

"मंग सगळ्याईले सोडून एवढ्या दूर कायले जाऊन बसली व, पान्यात?"

मी म्हटलं, "तिथे रेघा विरळ होत्या. नाव वाचता येत होतं."